परत करायला आलेली बाई

“तुमचाच आहे ना हा? मग घेत का नाही तुम्ही?”

अंबाडीचा वाख मांडीवर घेऊन म्हातारा दोरी वळत बसला होता. तळहात मांडीवरून पुढे सरकायचा, पीळ बसायचा, तळहात मागे यायचा.

“बाबा, मी तुमच्याशी बोलतेय.”

“आयकून राह्यलो.”

“मग?”

नयना ठोसरनं मनगटावरचं घड्याळ पाहिलं. मघाशीही पाहिलं होतं. काटा फारसा हलला नव्हता.

तिच्यामागं जीप उभी होती. जीपच्या मागच्या भागात गादी अंथरलेली, आणि गादीवर पट्ट्यांनी बांधलेला एक जुना सागवानी खांब आडवा निजलेला.

कोरकू लोक मेलेल्या माणसाच्या नावानं असा खांब कोरतात आणि गावाबाहेर झाडाखाली रोवतात. त्याला ते मुंडा म्हणतात. ह्या मुंड्यावर वरच्या अंगाला चंद्र-सूर्य होते आणि खाली घोड्यावर बसलेला एक माणूस.

फार वर्षांपूर्वी एका संग्रहालयाच्या संस्थापकांनी तो मेळघाटातल्या ह्या सालईढान्यातून उचलून शहरात नेला. तेव्हापासून तो काचेच्या कपाटात उभा होता. शाळेच्या सहली यायच्या, पोरं काचेला नाक लावायची आणि पुढच्या कपाटाकडे जायची.

नयना आता त्या संग्रहालयाची संचालक होती. खुर्चीवर बसल्या बसल्या तिनं पहिली गोष्ट काढली ती ही, की मुंडा परत द्यायचा. विश्वस्त मंडळातले लोक खवळले. आज एक दिला तर उद्या भिंती तेवढ्या उरतील, असं म्हणाले. ती भांडली, वर्तमानपत्रांत लेख लिहिले, चार मोठ्या माणसांना मध्ये घातलं. शेवटी अध्यक्ष मोहरीलसाहेब एका अटीवर कबूल झाले. द्यायचाच तर वाजतगाजत द्यायचा. मांडव, मंत्री, फोटो, सगळं.

तो कार्यक्रम उद्या होता. इथंच.

म्हणून ती खांब घेऊन एक दिवस आधी आली होती. येताना घाट चढत असताना तिनं मनात सगळं पाहून ठेवलं होतं. ढोल वाजतील, बाया पुढं येतील, म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येईल. कुणी हात जोडलेच तर आपण काय म्हणायचं, तेही तिनं ठरवलं होतं. ‘आभार कसले मानता? हे तुमचंच आहे.’

पण ढोल वाजला नाही.

गावात शिरल्यावर एक कुत्रं उठलं आणि दुसऱ्या सावलीत जाऊन निजलं. निम्म्या दारांना कड्या होत्या. दोन बाया ओट्यावर बसल्या होत्या, त्यांनी गाडी पाहिली, गाडीत काय आहे तेही पाहिलं, आणि आत निघून गेल्या. सरपंच तालुक्याला गेलेला. कुणीतरी लांबूनच हात करून सांगितलं, मन्साराम भुमकाला भेटा.

मन्साराम बेठेकर हा गावचा भुमका. देवाचं करायचं असो की मेलेल्या माणसाचं, गाव त्याच्याकडं जायचं. तोच हा म्हातारा. दोरी वळणारा.

“बस,” तो म्हणाला.

“नको. वेळ नाहीये हो. मांडव कुठं घालायचा तेवढं दाखवा.”

“कायचा मांडव?”

“कार्यक्रमाचा. खांब सुपूर्द करायचाय ना.”

“कोनं? कोनाले?”

“संग्रहालयानं... तुम्हाला.”

म्हाताऱ्यानं वाखाचा नवा पुंजका घेतला, जुन्या टोकाला जोडला.

“तुमचा व्हता का तो?”

“नाही! तेच तर सांगतेय मी. तुमचा होता. आमच्या माणसांनी नेला. चूक झाली. म्हणून परत देतोय.”

“नेला तवा कोनाले इचारलं व्हतं?”

“कोणालाच नाही.” नयना चटकन बोलली. हे वाक्य तिच्या तोंडात बसलेलं होतं. प्रत्येक लेखात तिनं ते लिहिलं होतं. “कोणालाही न विचारता नेला. अन्याय झाला तो.”

“हं.”

दोरी थांबली.

“अन् आनला कोनाले इचारून?”

“सरपंचांना... फोन केला होता मी.”

“काय इचारलं?”

तिला आठवलं. आठवलं नसतं तर बरं झालं असतं.

“घाटातून गाडी येईल का, ते.”

“आली ना गाडी? नेला तवा बी गाडीच आलती, बाई.”

आणि तो पुन्हा दोरी वळू लागला.

नयनाच्या कानशिलांत ऊन शिरल्यासारखं झालं. तिला राग आला. साधासुधा नाही. जिवाचं रान करून एखादी गोष्ट आणावी आणि दारातच तिला नावं ठेवली जावीत, तसला राग.

“म्हणजे मी आणि ते सारखेच? मी कुणाकुणाशी भांडले ते ठाऊक आहे तुम्हाला? लोक तोंडावर वेडी म्हणाले मला. आणि तुम्ही...” तिचा आवाज चढला होता. “मग काय करू? घेऊन जाऊ परत?”

“गाडी तुही हाय.”

“यासीन!” तिनं ड्रायव्हरला हाक मारली. “काढ गाडी.”

यासीननं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा म्हाताऱ्याकडे. मग किल्ली फिरवली.

जीप उतारावरून खडखडत निघाली. धूळ इतकी, की मागचं गाव दिसेना. नयना पुढच्या सीटवर बसून बोलत होती. यासीनशी नाही, स्वतःशीही नाही, नुसतीच.

“ह्या लोकांचं भलं करायला जावं, आणि ह्यांना त्याची...”

वाक्य अर्ध्यात अडकलं.

ते तिचं नव्हतं. ते मोहरीलसाहेबांचं होतं. प्रत्येक बैठकीत ते हेच म्हणायचे, ह्याच शब्दांत, आणि प्रत्येक वेळी ती ताडकन उठायची. आज ते तिच्याच तोंडातून निघालं होतं, आणि मध्ये कुणी उठलं नव्हतं.

नाल्यापाशी खड्डा आला. जीप आदळली. मागची एक पट्टी सुटली आणि खांब सरकून तिच्या सीटवर येऊन टेकला. तिनं न बघताच हात मागं टाकला आणि त्याला धरलं.

धरल्यावर लक्षात आलं, हातात मोजे नाहीत.

संग्रहालयात मोज्याशिवाय त्याला कुणी हात लावत नसे. तिचाच नियम होता तो. इतक्या वर्षांत ती त्याच्याविषयी बोलली होती, लिहीत आली होती, त्याच्या छायाचित्रासमोर उभी राहून भाषणं देत आली होती. लाकूड कसं लागतं ते तिला आज कळत होतं. ते उन्हानं तापलेलं होतं. माणसाचा खांदा तापावा तसं.

“थांबव.”

“मॅडम, नाला ओलांडून थांबवतो, इथं...”

“इथंच थांबव.”

ती उतरली. नाल्यात पाणी नव्हतं, नुसते गोटे. काठाला एक अर्जुनाचं झाड होतं, त्याच्या सावलीत तिनं गाडी लावायला सांगितली.

“उन्हात ठेवू नको ह्याला. आणि इथून हलू नको.”

“तुम्ही?”

“मी येते.”

एवढा मोठा उतार आपण गाडीनं उतरलो, हे तिला मघाशी कळलंच नव्हतं. आता पायांना कळत होतं. चप्पल शहरातली, वाट मुरमाची. मध्ये दोनदा ती थांबली. एकदा वाटलं, फिरावं मागं. कशाला चाललोय आपण? काय सांगणार जाऊन? मांडवाचं सामान घेऊन ट्रक निघाला असेल. पाहुण्यांच्या गाड्या ठरल्यात. आणि आपण एका म्हाताऱ्यापुढं...

पाय मात्र चालत राहिले.

मन्साराम तिथंच होता. त्यानं मान वर केली नाही.

“आता काय आनलं?”

“काही नाही.”

“गाडी?”

“नाल्यावर आहे.”

“बस.”

ती बसली. खाट होती, पण ती खालीच बसली, ओट्याच्या कडेला.

त्यानं तिला बोलू दिलं नाही. तिनं तोंड उघडलं की तो दोरीचं टोक तिच्याकडं करायचा, धर म्हणून. ती धरायची. पीळ भरला की तो टोक परत घ्यायचा. तिचा हात पर्समधल्या फोनकडं जायचा. फोनला रेंज नव्हती, तरी जायचा. पायावर मुंग्या चढल्या. शेजारच्या छपरावर कावळा ओरडत राहिला. एकदा तर तिला वाटलं, हा आपल्याला विसरलाच आहे. एकदा वाटलं, मुद्दाम करतोय. मग वाटलं, मुद्दाम करत असेल तर करू दे.

वाख संपला. म्हाताऱ्यानं दोरीचं वेटोळं केलं, बाजूला ठेवलं.

“बोल.”

“विचारायला आले. त्याला गावात आणू का?”

मन्सारामच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काही हललं. हसूच असावं.

“मले काऊन इचारतं? म्या काय त्याचा लागतो?”

“तुम्ही भुमका आहात ना.”

“म्या वाट दाखोतो, बाई. घर माह्यं नाई.”

तो काठी टेकून उठला आणि चालू लागला. नयना मागं निघाली. “मुंडा ज्याचा, त्याची पोरगी हाय गावात. सोमती,” तो चालता चालता म्हणाला.

गावाच्या टोकाला एक घर होतं, कुडाचं, शेणानं नीट सारवलेलं. अंगणभर मोहाची फुलं वाळत घातली होती. त्यांचा गोडसर, जड वास सगळीकडं भरलेला. एक म्हातारी उकिडवी बसून हातानं फुलं खालीवर करत होती.

हीच सोमती. तिचे केस पूर्ण पिकलेले, पण हात झपझप चालत होते.

मन्साराम तिच्याशी कोरकूत बोलला. बराच वेळ. नयनाला त्यातला एकच शब्द कळला. मुंडा.

सोमतीचा हात फुलांवर थांबला.

मग पुन्हा चालू लागला. पण आता तो एकाच जागची फुलं पुन्हा पुन्हा परतत होता.

नयना तिच्यासमोर खाली बसली. घाटात घोकलेली वाक्यं तिनं शोधली. एकही हाती लागलं नाही. जे तोंडात आलं ते बोलली.

“आजी... तुमचे वडील माझ्याकडं आहेत.”

सोमतीनं तिच्याकडे पाहिलं.

“घोडं हाय?” तिनं विचारलं.

“आहे.”

“त्याचा कान नसन.”

“नाही. डावा कान... तुटलाय.”

“म्या तोडलता.” म्हातारीच्या तोंडाचं बोळकं हललं. “लहान व्हती. घोड्यावर बसाले पाहत जाये. बापाच्या मांगं. एक डाव कान हातातच आला. मायनं धपाटा घातला. मंग तीच म्हने, बसू दे, बापाचंच घोडं हाय...”

संग्रहालयात त्या कानापुढं ‘भग्न’ असा शब्द लिहिलेला होता. नयनानं तो स्वतः तपासला होता, शुद्धलेखनासाठी.

“मंग गाडी आली,” सोमती म्हणाली. “टोपीवाला साहेब व्हता. पोट्ट्यायले गोळ्या देल्ल्या त्यानं. म्या बी खाल्ली. गोळी सरेपरेंत खांब गाडीत गेलता.”

“खड्डा राह्यला. गाव म्हने, बुजवा. ढोर पडन एखांदं. मायनं बुजू नाई देल्ला. म्हने, तो आला त उभा कुठी राहीन? दर साली पालापाचोळा काढे त्याच्यातला. माय गेली. मंग म्या काढतो.”

नयनाला त्या खड्ड्याविषयी ठाऊक नव्हतं. तिच्या लेखांत तो कुठं नव्हता. इतकी वर्षं एक खांब शहरात उभा होता, आणि तितकीच वर्षं इथं एक खड्डा कुणीतरी उघडा ठेवला होता.

“आजी,” ती म्हणाली. “त्यांना घरी आणू का?”

सोमतीनं फुलांवरून हात फिरवला.

“नको.”

नयनाला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

“नको?”

“आज नको.”

“उद्या?”

“उद्या बी नको.” म्हातारीनं हनुवटीनं गल्लीकडं दाखवलं, कड्या लावलेल्या दारांकडं. “गाव कुठी हाय? होळी झाली की पोट्टे कामाले गेले. माहे दोन्ही पोरं भट्टीवर हाय, इटा थापते. त्यायचा आजा घरी येईन अन् खांदा द्याले नातू नसन? तुहे पाव्हने देतीन का खांदा? घरात मोहाबिगर काही नाई. कुटकीचा दाना बी सरला. बाप इतक्या सालानं येईन... त्याच्या पुढ्यात काय ठेवू?”

“जेवणाचं आम्ही बघतो आजी. सगळ्या गावाचं. मी आत्ता...”

मन्साराम खाकरला.

नयनाला कळलं, पुन्हा गाडी घेऊन आत शिरत होतो आपण.

“पानी पडन,” सोमती म्हणाली. “पोट्टे येतीन. पेरतीन. नवी कुटकी घरात येईन. मंग आनू त्याले.”

“आणि तोवर?”

“तोवर तुह्याच इथी राहू दे.”

नयना ओझं उतरवायला आली होती. ते मनातल्या मनात केव्हाच उतरवूनही टाकलं होतं. आता कुणीतरी तेच ओझं उचलून, नीट चुंबळ घालून, पुन्हा तिच्या डोक्यावर ठेवत होतं.

“पन काचीत नको.” सोमतीचा आवाज आता घट्ट झाला होता. “गावच्या भोजूचा पोरगा पाहून आला तिकडं. काचीत हाय म्हने. तसा नको ठेवजो. अन् कोनी इचारलं, कोन हाय, त सांगजो... लाखा हाय. सालईढान्याचा लाखा कासदेकर. पाव्हना आला हाय.”

“लाखा,” नयना म्हणाली. इतकी वर्षं तिनं त्याला नग म्हटलं होतं.

“ठेवशीन?”

“ठेवते.”

“मंग ने. तवा कोनी इचारलं नाई. आता म्या देऊन राह्यली.”

नयना म्हणाली, “गाडी नाल्यावर आहे. बघायला येता? मी धरून नेते.”

म्हातारीचे हात एकदम मांडीवर आले. एकमेकांत गुंतले.

“नाई. आता पाह्यलं त मंग जाऊ देनार नाई म्या.”

तिनं ओंजळभर मोहाची फुलं उचलली आणि नयनाच्या ओढणीच्या पदरात घातली. “त्याच्यापाशी ठेवजो,” एवढंच म्हणाली, आणि पुन्हा फुलं परतायला वळली. तिचा चेहरा मग दिसला नाही.

बाहेर आल्यावर नयनाला उद्याची आठवण झाली.

“बाबा, फोन कुठून लागतो?”

मन्सारामनं गावामागच्या टेकाडाकडं काठी केली.

ती टेकाडावर चढली. वर वारा होता. फोन वर धरून तिनं जागा शोधली. मोहरीलसाहेबांनी पहिल्याच घंटीला उचलला.

“पोचली? मंडपाची जागा बघितली का? मंत्रीसाहेबांचं नक्की झालंय, बरं का.”

“साहेब, उद्याचा कार्यक्रम रद्द करायला लागेल.”

“काय बोलतेस?”

“गाव तयार नाही. माणसं कामाला बाहेर गेलीत. पीक आल्यावर...”

“गावाचा काय संबंध? द्यायचं आपल्याला आहे. त्यांनी फक्त घ्यायचं आहे.”

“तेच चुकलं आपलं, साहेब.”

“नयना, डोकं ठिकाणावर आहे का? खांब कुठाय?”

“गाडीत. परत आणतेय. परवानगी मिळालीय.”

“कसली परवानगी?”

“तो आपल्याकडे ठेवायची.”

“अगं, तो आपल्याचकडे होता!”

“नव्हता, साहेब. आजपासून आहे.”

ते ओरडले. वाऱ्यात निम्मं उडून गेलं. उरलेलं तिला नीट ऐकू आलं. मंडळाची तातडीची बैठक. तिची खुर्ची. आणि खांब आला की सरळ कपाटात, जसा होता तसा.

“कपाटात नाही ठेवायचा. मी शब्द दिलाय.”

“कुणाला?”

“त्याच्या मुलीला.”

फोन तुटला. त्यांनी तोडला की टेकाडानं, ते कळलं नाही. तिनं पुन्हा लावला नाही. ती एका दगडावर बसली, लगेच उठली, उतरायला लागली.

मन्साराम खाली सावलीत उभा होता.

“माझी नोकरी जाईल बहुतेक.”

“हं.”

“तुम्हाला कळतंय का मी काय म्हणतेय? मी नसले तर ते त्याला पुन्हा काचेत घालतील. मी शब्द देऊन बसले आणि माझ्या हातात...” ती एका जागी उभी राहू शकत नव्हती. दोन पावलं इकडं, दोन तिकडं. “कोण ठेवणार तो शब्द?”

“देल्ला कोनं? खुर्चीनं का तू?”

ती थांबली.

“मी.”

“मंग?”

तिला पुष्कळ बोलायचं होतं. मंडळ, कायदा, चाव्या कुणाकडं असतात, सही कुणाची चालते. सगळं ओठांवर आलं. पण मन्साराम चालू लागला होता. तीही चालू लागली.

नाल्यावर यासीननं सुटलेली पट्टी पुन्हा बांधली होती. गाडीची दारं उघडी ठेवली होती, वारा लागावा म्हणून. नयनानं पदरातली फुलं काढली आणि घोड्याच्या पायाशी ठेवली. मन्साराम गाडीशी आला. त्यानं खांबाला हात लावला नाही. नुसता वाकला आणि कोरकूत काहीतरी म्हणाला, घरातल्या माणसाशी बोलावं तसं, हळू. मग बाजूला झाला.

“काय म्हणालात त्यांना?”

“घाटाचा रस्ता खराब हाय म्हनलं. सांभाळून जाय.”

नयना पुढच्या सीटवर बसली नाही. मागं चढली आणि गादीच्या कडेला बसून एक हात खांबावर ठेवला. शहरात काय होणार होतं, ते तिला ठाऊक नव्हतं. मोहरीलसाहेब दारात उभे असतील. कुलपं बदललेली असतील. कदाचित ह्या लाखाला घेऊन तिला स्वतःच्या दोन खोल्यांत जावं लागेल, आणि मग चोरीचा आळ येईल तो वेगळाच. तरी हात काढावासा वाटेना.

यासीननं गाडी चालू केली.

“बाबा,” ती खिडकीतून म्हणाली, “ह्यांना आणायची वेळ झाली की सांगावा धाडाल ना?”

“धाडीन.”

“मग तेव्हाच येते.”

“नको.”

ती दचकली. “नको?”

“त्याच्या आंधी येजो एक डाव.”

“त्याच्या आधी? त्याच्या आधी कशाला?”

म्हाताऱ्यानं काठी या हातातून त्या हातात घेतली. गाडीकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं.

“काही न्यायचं नसन, काही द्यायचं बी नसन... तवा.”